समुद्र कोणाच्या वाट्याचा

आपल्या गावाहून, सौंदड टेशनाच्या पेटीत टाकायला
दिवाळी होऊन गेली, सन १९१०

भोजराजा, अर्ध्या लंडनच्या आणि अर्ध्या हिंदुस्थानच्या माझ्या नातवा,

तुझं पत्र आलं. इतका आनंद झाला की वाचायच्या आधी मी ते हुंगलं. तिकडच्या कागदाला उंटाचा वास येतो म्हणतात. मला तर शाईचाच आला. रुख्मिणी घरी नाही, माहेरी गेली आहे. तिच्या बापाकडे लाखोळीची डाळ पेरायची घाई आहे. चार दिवसांत येईल. काळजी करू नको, आणि का गेली ते विचारू नको. लाखोळी, म्हटलं ना.

माझं अक्षर पाहून हसू नको. लहानपणी भावाचं दप्तर धरून मी दोन पावसाळे शाळेत गेली, दारात बसून जेवढं ऐकू आलं तेवढं शिकली. मास्तर म्हणत, तोंडानं ‘मले’ म्हणायचं, कागदावर ‘मला’ लिहायचं. म्हणून पत्रात मी तुला थोडी नागपूरची वाटीन. घाबरू नको, मीच आहे.

तर तू लिहितोस की इराणात जिथं तू औषधाच्या कुप्या भरतोस, ती वकिलात एका सरकारची नाही, दोन सरकारांची आहे. साहेबाच्या घोड्याचा चारा अर्धा लंडनचा, अर्धा हिंदुस्थानचा. निशाणाची दोरी अर्धी-अर्धी. आणि तू कंपाउंडर, तूही आठ आणे लंडनचा, आठ आणे शिमल्याचा, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा. लंडन म्हणालं, ही वकिलात हिंदुस्थानच्या वाटा आणि व्यापार राखायला आहे, खर्च हिंदुस्थाननं करावा. शिमला म्हणालं, निशाण तुमचं, राजा तुमचा, तुम्ही करा. पुष्कळ वर्षं भांडले आणि मग मधोमध चिरलं. हेच लिहिलं ना तू? मी वाचून पाहिलं, हिरालालबाबूंकडून वाचवून पाहिलं. ते सौंदडचे टेशनबाबू, गोंदियाचे, नेहमी हिंदीत बोलतात. ते म्हणाले, “अम्माजी, बात तो बिलकुल साफ है.” मला तर अजून गढूळच दिसते. तुझा उजवा हात कोणाचा? तू आजारी पडला तर काढा कोणाचा? आणि शिमल्याजवळ तुला द्यायला पैसा कुठून आला? हिरालालबाबू म्हणाले, “लगान से, और कहाँ से?” लगान तर मीही भरते, धानाच्या तीन बांध्यांचं. म्हणजे तुझ्या ताटात तिकडेही माझा दाणा आहे! मला केवढं हसू आलं. मी मुकाट तुला चार वर्षं जेवू घालून राहिली आणि मलाच माहीत नाही.

आता मला समजावं म्हणून मी आपल्या मंगरूची गोष्ट लिहून पाहते. तुला माहीतच आहे, पण लिहिल्यानं कधी कधी समजते. आपल्या गावात मालगुजार भाऊ दोन, चुन्नीलाल आणि खेमराज, गावाचे आठ-आठ आण्याचे मालक. गुरं एकत्र, गुराखी एक, मंगरू. चांदण्या पंधरवड्यात मंगरू चुन्नीलालकडे जेवतो, अंधाऱ्यात खेमराजकडे. आणि अवसेला? खेमराज म्हणतो, चंद्र संपला, माझा पंधरवडा संपला. चुन्नीलाल म्हणतो, चांदणं दिसलं कुठं, माझा लागला कुठं? दोन घरचा पाहुणा उपाशी, हे ज्यानं म्हटलं त्यानं मंगरूला पाहूनच म्हटलं असेल. म्हणून अवसेला मंगरू आपल्या ओसरीवर जेवतो. आपला गावात एका पैशाचा वाटा नाही, म्हणून तर आपल्याला भांडता येत नाही, वाढताच येते.

तू लिहितोस, रजा मंजूर झाली आहे. पण तुला घरी पोचवायचा खर्च कोणाचा, ते ठरत नाही, आणि लंडनकडचा अर्धा पगारही वर्षभर अडकला आहे. म्हणजे मंगरूसारखंच झालं. तर हे सांग, तिकडे अवसेला तुला कोण जेवू घालते?

तुझी लेक चिमी आईसोबतच गेली आहे, आता बकरीच्या मागं धावते. नाव अजून ठेवलं नाही, तू आल्यावर ठेवू म्हणून. ‘तुझा बाप कुठं आहे?’ विचारलं की ती तुझ्या पत्रांच्या डब्याकडे बोट दाखवते.

तुझी आजी

•

आपल्या गावाहून
संक्रांत, सन १९११

भोजा,

तिळाचे लाडू पाठवणार होती. हिरालालबाबू म्हणाले, रस्त्यात उंट खाऊन टाकेल. म्हणून तुझ्या नावानं मीच खाल्ले. गोड झाले होते.

मी एक काम केलं आहे. रागवायचं असेल तर रागाव, पण घरी येऊन रागाव.

दोन मालगुजारांकडून काही पाहिजे असलं तर आपल्याकडे काय करतात? दोघांना एकत्र विचारत नाहीत. एकाला दुसऱ्यासमोर मागितलं की दोघंही म्हणतात, त्याच्याकडून घे. मागं आपल्या बोडीची पाळ फुटली, तळ्याचं सगळं पाणी वाहून जाऊन राहिलं होतं, तेव्हा मी चुन्नीलालकडे गेली. अर्ध्याच पाळीची माती आणि अर्धेच माणसं मागितले. मग खेमराजकडे जाऊन दुसरी अर्धी मागितली. दोघांनीही दिलं, कारण अर्धं द्यायला कोणाचा जीव जात नाही, आणि भावापेक्षा कमी दिलं असं कोणाला दिसू द्यायचं नाही. एकाची माती इकडून आली, एकाची तिकडून. मधात जिथं दोघांची संपली तिथं एक खळगी राहिली. ती मी आणि रुख्मिणीनं टोपल्यांनी भरली. पाळ अजून उभी आहे.

म्हणून मी सौंदडला गेली. हिरालालबाबूंना म्हटलं, “बाबू, दोन अर्ज लिहा. एक लंडनले, एक शिमल्याले. दोघाईले अर्धा-अर्धा रस्ता मागा.”

“अम्माजी, सरकार कोई मालगुजार है क्या?”

“मोठा मालगुजारच त होय. लगान घेते का नाई?”

“लेकिन आधा रास्ता माँगता कौन है?”

“जो पुरा मांगते त्याले काहीच नाई भेटत.”

ते इतके हसले की हातातला हिरवा झेंडा खाली पडला. मग म्हणाले, सांगा, कुठपर्यंत लंडन आणि कुठून हिंदुस्थान? हे तर सोपं होतं. मी म्हटलं, तिकडची सगळी जमीन लंडननं पार करावी, इकडची सगळी जमीन शिमल्यानं. हिरालालबाबूंनी जरा वेळ लेखणी थांबवली, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गाडी आली. गाडी गेली तेव्हा त्यांनी मी म्हटलं तसंच इंग्रजीत लिहिलं. मी दोन्हींवर अंगठा न देता सही केली. बाईची सही पाहून शिमल्यात काय म्हणतील?

केशोराव येऊन गेले, तुझे सासरे. बसले, पान खाल्लं, भाताची चौकशी केली. जाताना रुख्मिणीचं लुगड्यांचं गाठोडं मागून घेतलं. सगळं गाठोडं. मी विचारलं, “इतके दिवस लाखोळी पेरता काय हो?” ते म्हणाले, “विहीनबाई, आता अक्तीले बोलू.” अक्तीला, अक्षय तृतीयेला, शेतावरचे जुने नोकर मोकळे होतात आणि नवे लागतात. केशोरावांच्या घरी कोणता नोकर मोकळा व्हायचा आहे ते मला समजलं नाही.

समजलं. पण आज सण आहे, आज लिहीत नाही.

तुझी आजी

•

आपल्या गावाहून
शिमगा पेटायला चार दिवस आहेत, सन १९११

शाबास रे माझ्या भोजा! शाबास तुझी आजी!

दोन्ही सरकारांनी दिलं! तुझं पत्र हिरालालबाबूंनी टेशनावरच वाचलं. लंडननं तुला उंटावर बसवून समुद्राच्या बंदरापर्यंत आणून सोडलं. शिमल्यानं मुंबईपासून सौंदडपर्यंतच्या रेलगाडीचा कागद धाडला. मी टेशनावरच्या सगळ्यांना सांगून राहिली, सुपाऱ्या विकणारीलाही सांगितलं. ती म्हणाली, “मग केव्हा येते नातू?” मी म्हटलं, “आलाच समज.”

मग हिरालालबाबूंनी पत्राचं दुसरं पान वाचलं.

‘आजी, अर्जात समुद्र कोणाकडेच मागितला नव्हता. म्हणून तो कोणीच दिला नाही. मी बंदरावर बसून आहे.’

आता मी काय करू? मी समुद्र पाहिला आहे का? मोठं पाणी म्हटलं तर मी नवेगावचा तलाव पाहिला, त्याच्या या काठावर उभं राहिलं की त्या काठची झाडं दिसतात. मला वाटलं, दोन जमिनी म्हणजे एकमेकीला लागूनच असतील, मधात फार तर एक धुरा, बांधाएवढा. हिरालालबाबूंना म्हटलं, तुम्ही तर शिकलेले, तुम्हाला माहीत होतं ना समुद्र आहे? ते म्हणाले, “माफ करना, अम्माजी. खटका तो लगा था, फिर गाड़ी आ गई.” आता तेही जेवत नाहीत म्हणे नीट. दुसरा अर्ज केला आहे, पण तो जाईल, दोघांत फिरेल, आणि मला तर अक्तीच्या आत तू पाहिजे.

म्हटलं, ज्यांना वाट्याचं कळते त्यांना विचारावं. पारावर दोघं भाऊ बसले होते, एक उगवतीकडे तोंड करून, एक मावळतीकडे.

मी विचारलं, “बाप्पा हो, दोघाईच्या वाट्याच्या मधात जे पडते ते कोणाचं?”

चुन्नीलाल म्हणाला, “काकी, मधातलं उगवतीवाल्याचं.”

“काऊन?” खेमराज वळला. “मोहाचं झाड मधातच हाय. मग मोहं माह्या आंगनात काऊन पडते?”

“हवा तिकडची हाय म्हणून.”

“मग हवा ज्याची त्याचं झाड!”

झालं. समुद्र राहिला बाजूला, मोहाच्या झाडावर दोघं दिवसभर भांडले. मी घरी आली. एवढं समजलं की मधातलं कोणाचं असते ते वाटा असलेल्या माणसाला विचारू नये.

आता तुला खरं सांगते, कारण लपवून माझंच पोट दुखते. लाखोळी नव्हती. चार वर्षं झाली, नवरा कागदातच आहे, असं म्हणून केशोराव रुख्मिणीला घेऊन गेले होते. अर्जुनीकडचा कोणी आहे, बायको मेलेला, धानाची जमीन आहे, बैलांच्या दोन जोड्या आहेत. तू अक्तीपर्यंत आला नाही तर त्याच्याशी पाट लावून देणार. केशोराव वाईट माणूस नाहीत. पोरीचा बाप आहे, भिऊन राहिला.

आणि परवा काय झालं? मी आंगण सारवत होती. पाहते तर रुख्मिणी, कडेवर चिमी, पाय धुळीनं पांढरे. रेलच्या पट्टरीनं चालत आली.

मी म्हटलं, “काय वो, बापानं पाठवलं?”

“नाई. मीच आली.” पोरीला खाली ठेवलं आणि माझ्यावरच कडाडली. “मी काय सावडीचा बैल आहो, आजी? एक शेतकरी नेते, दुसरा आणते. बैलाले बी कोणी नाई विचारत आन मले बी नाई.”

“मग तुले काय पाहिजे, बाई?”

“मले पुरा नवरा पाहिजे. अर्धा लंडनचा आन अर्धा शिमल्याचा, मंग माह्या वाट्याले काय उरलं? लिहा त्याईले. येत असान त पुरे या. नाई येत त तसं सांगा, मी माह्यं पाहीन. पन मधात लटकवू नका.”

मी जसंच्या तसं लिहिलं. ती इथं बसून अक्षरं पाहून राहिली आहे, वाचता येत नाही तरी पाहून राहिली आहे, मी काही गाळते का म्हणून.

आणखी एक. तुझं अक्षर या वेळी डावीकडे कलून पडलं आहे. ‘बरा आहे’ असं एकाच पानावर दोन वेळा का लिहिलं? बऱ्या माणसाला एकदा पुरते.

तुझी आजी

•

आपल्या गावाहून
अक्तीच्या दुसऱ्या दिवशी, सन १९११

भोजा,

हे पत्र कुठं पाठवू तेच समजत नाही. बंदरावर पाठवलं आणि तू निघाला असशील तर? मुंबईला पाठवलं आणि निघालाच नसशील तर? शिमग्यापासून तुझी ओळ नाही. हिरालालबाबू म्हणाले, दो चिट्ठी लिख दो. मी म्हटलं, आता काहीही दोन करायचं नाही. मुंबईलाच टाकते. तू तिथं असशीलच.

काल केशोराव बैलबंडी घेऊन आले. सकाळीच. सोबत रुख्मिणीचा काका. मी भांडायच्या तयारीनं दारात उभी राहिली, पण काय भांडू? तू नाहीसच, मी कशाच्या जोरावर बोलू? रुख्मिणी तर घराच्या आत जाऊन कोठीला पाठ लावून बसली. चिमी बंडी पाहून टाळ्या वाजवते, तिला वाटलं जत्रा आहे.

पण बंडी वेशीवरच अडली. गावाची सगळी गुरं रस्त्यात बसलेली! गाई, म्हशी, गोऱ्हे, सगळं रवंथ करून राहिलं आणि मधोमध मंगरू, काठीवर हनुवटी टेकवून.

“गुरं हटव गा!” केशोराव ओरडले.

“कोनाची हटवू? चुन्नीलालभाऊची का खेमराजभाऊची?”

“कोनाची बी हटव!”

“तशी नाई हटत. एकाची हटवली त दुसरा म्हनन, माह्या गाईले उन्हात काऊन बसवलं.”

“मग दोघाची हटव! तू नोकर कोनाचा?”

“आज? आज कोनाचाच नाई, मालक. आज अक्ती हाय. जुनं साल सरलं. नव्या चाकरीचा विडा अजून हाती नाई आला. विडा येईपर्यंत मी मोकळा मानूस, आन मोकळा मानूस गुरं नाई हाकत.”

आता ही रीत तर खरीच. विडा द्यायचा कोणी आधी, यावर दोघं भाऊ दर अक्तीला दुपार करतात. काल तर दिवस कलला. चुन्नीलाल म्हणे, खेमराजनं आधी दिला तर मंगरू त्याचाच होतो. खेमराज म्हणे, म्हणून मी आधी देतो. भोजा, मी आयुष्यभर या भांडणावर चिडली, काल मला वाटलं, भांडा रे बाप्पा हो, अजून भांडा.

ऊन चढलं. केशोराव बंडीखाली सावलीला बसले. चिमी गुरांमधून वाट काढत गडवाभर पाणी घेऊन गेली. अर्धं तिनं अंगावर सांडलं, अर्धं त्यांना दिलं. ते पाणी प्यायले, रिकामा गडवा तिच्या हाती दिला. मग मला बोलावलं.

“विहीनबाई, मी काही वैरी नोहो.”

“मले माहीत हाय.”

“पोरगा येते का नाई, खरं सांगा.”

मी काय सांगू? मी म्हटलं, “तो निंघाला हाय. तो मधात हाय.”

“कायच्या मधात?”

“ते मले बी नाई समजत, इवाईबुवा. पन मधातच हाय.”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “अवसेपर्यंत थांबतो. अवसेले येतो. त्या दिवशी गुरं नका आडवू.”

अवसेपर्यंत, भोजा. कोणाच्याच वाट्याची नसलेली आपली अवस.

तुझी आजी

•

आपल्या गावाहून
जेठ लागला, सन १९११

बीबीबाईंना, इराणातल्या बंदरावर,

बाई, तुमचं खरं नाव भोजराजला माहीत नाही. तो म्हणतो, सगळे तुम्हाला बीबी म्हणत आणि तिकडे आजीला बीबी म्हणतात. म्हणजे आपण दोघी एकाच नावाच्या. तुम्ही मला ओळखत नाही. मी भोजराजची आजी. तोच, ज्याला तुम्ही ताप उतरेपर्यंत रोज जेवू घातलं.

तो पोचला. हे आधी सांगायला पाहिजे होतं, मी नेहमी मागून सांगते.

अवसेचा दिवस होता. मंगरू म्हणून आमचा गुराखी आहे, तो अवसेला आमच्याकडे जेवतो. का ते सांगायला बसली तर कागद पुरणार नाही. ओसरीवर त्याचं ताट वाढलं होतं. केशोराव, म्हणजे भोजराजचे सासरे, आपल्या लेकीला न्यायला आले होते, बंडी दारातच सोडली होती. रुख्मिणी, म्हणजे त्याची बायको, गाठोडं बांधत नव्हती आणि नाही असंही म्हणत नव्हती. मंगरू भात चावून राहिला होता. आणि मंगरू एकदम थांबला, ताटातून हात उचलून म्हणाला, “माय, अजून एक पत्रावळ टाकजो.”

दारात भोजराज. इतका वाळलेला की मला आधी वाटलं, कोणी भिक्षा मागायला आलं. केशोराव उठून उभे राहिले, वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, “हा त अर्धाच आला!” आणि त्यांना स्वतःलाच रडू फुटलं. रुख्मिणी जागची हलली नाही. तिनं विचारलं, “बाकीचा कुठं ठेवून आले?” भोजराज म्हणाला, “समुद्रात पडला. जेवढा उरलो तेवढा पुरा इथला आहो.” ती आत गेली. मला वाटलं, रुसली. ती पत्रावळ आणायला गेली होती.

तो मंगरूच्या शेजारी जेवायला बसला. चिमी दूर उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, हा तुझा बाप. ती पत्रांचा डबा घेऊन आली, झाकण उघडून आत पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिचा अजून पक्का विश्वास बसला नाही. बसेल.

मंगरूनंच विचारलं, “बाबू, तिकडं अवसेले तुमाले कोन जेवू घाले?”

तेव्हा भोजराजनं तुमचं सांगितलं. बंदरावर ताप भरला, पगार अडकलेला, एक सरकार मागं राहिलेलं आणि दुसरं सरकार पाण्याच्या पल्याड. भिंतीपलीकडून तुम्ही पाहिलं. रोज भाकर आणि दही आणून दिलं. तापात त्याची शिकलेली फारसी पळाली, शब्द एकाचाही दुसऱ्याला कळेना. तो ‘आजी’ म्हणे, तुम्ही ‘बीबी’ म्हणा म्हणत. तो बरा झाला तेव्हा तुम्ही तुमच्या भाच्याच्या गलबतावर त्याला नेऊन बसवलं, मुंबईला खजूर नेणाऱ्या. भाचा काही बोलायला गेला तर त्याला जोडा दाखवला म्हणे. हे ऐकून मी फार हसली. माझा भाचा असता तर मीही दाखवला असता.

बाई, मला एक कळत नाही. लंडनचा त्याच्यात वाटा होता. शिमल्याचा वाटा होता. माझा नातू म्हणून माझा होता, रुख्मिणीचा होता. तुमचा कोणता? तुम्ही कायले वाढलं? मग मला वाटते, मी मंगरूला कायले वाढते? भात असतो, तो दारात असतो, वाढते.

त्याची दोन्ही सरकारांची नोकरी सुटली का आहे, हे अजून कोणाला ठरवता येत नाही. एक कागद म्हणतो रजेवर आहे, दुसरा म्हणतो परवानगीवाचून समुद्र ओलांडला. हिरालालबाबू दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतात आणि डोकं धरतात. माझं डोकं मी केव्हाच धरणं सोडलं. भोजराज सध्या माझ्या बांधीत शेणखत टाकून राहिला आहे, फार वाईट टाकतो, सगळं एकाच जागी पडते. रुख्मिणी बांधावरून ओरडते, “बाजूनं बी टाका, तिकडची जमीन काय लंडनची होय?” पाऊस येईल तेव्हा परे, म्हणजे धानाची रोपं, लावू.

सोबत एका कापडात तांदूळ बांधला आहे. आमच्याच बांधीचा. पाणी जास्त घालू नका, याला कमी लागते. शिजताना झाकण काढून हुंगा.

हे पत्र मी लिहिलं आणि भोजराज बाजूला बसून तुमच्या भाषेत उतरवून राहिला आहे.

एवढं खालचं टेशनावर बसून लिहिते, भोजराज सोबतच आहे. पुडी आणि पत्र घेऊन आली तेव्हा हिरालालबाबूंनी तोलून पाहिलं. म्हणाले, अम्माजी, परदेशचं टपाल फार महाग. आधा यहाँ लगा देते हैं, बाकी वहाँ वह बुढ़िया भर देगी. मी त्यांच्या हातातून पुडी काढून घेतली, पदराची गाठ सोडली, आणि म्हटलं, नाही बाबू. पुरं तिकीट इथूनच लावा. समुद्राचं पण.

तुमची, इकडची बीबी